दात किडतो कसा, आणि कुणाचा?

"दात नीट घासत नाहीस, म्हणून किडले," हे वाक्य घरातल्या मुलाला आपण कधी ना कधी ऐकवलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंमुर्धं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी माणसांच्या कायमच्या दातांत कीड आहे आणि ५१ कोटींहून जास्त मुलांच्या दुधाच्या दातांत. एवढी सगळी माणसं आळशी असतील, हे काही पटत नाही. शिवाय देशागणिक, गावागणिक आणि कधी एकाच शहराच्या दोन वस्त्यांमध्ये हे प्रमाण बरंच बदलतं. मग कारण नुसतं ब्रशात शोधून कसं चालेल? आपण दातापासूनच सुरुवात करू आणि तिथून घर, दुकान, पाण्याची टाकी, दवाखाना असे बाहेर जाऊ.

दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल; पाठ्यपुस्तकांत त्याला दंतवल्क म्हणतात. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. त्याच्या खाली डेंटिन नावाचा जरा मऊ, पिवळसर थर असतो आणि मधोमध गर, ज्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात.

या कवचाची एक अडचण आहे. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली त्वचा भरून येते. एनॅमलला खड्डा पडला की तो शरीराकडून भरून निघत नाही.

आता जंतूंकडे. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो आणि त्याला तोंडातले जंतू चिकटू लागतात. वाढत वाढत त्याचा मऊ, पांढरट थर होतो. यालाच प्लाक म्हणतात. सकाळी उठल्यावर हिरडीलगत नखाने हलकेच खरवडलं तर तो नखावर दिसेलही. यात शेकडो जातींचे जंतू असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. सर्वांत बदनाम झालेला जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. किलियन क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. साखरेपासून चिकट डिंक तयार करून दाताला घट्ट धरून बसायचं, आणि स्वतःच केलेल्या आम्लात इतर जंतू नांगी टाकत असताना आपण मात्र तगून राहायचं, या दोन गोष्टी त्याला छान जमतात. पण तो एकटा नसतो. आम्ल करणारे आणि आम्लात टिकणारे जंतू आणखीही आहेत.

जंतू महत्त्वाचे की साखर, या वादाचं उत्तर १९५४ च्या एका प्रयोगात मिळालं. अमेरिकेत फ्रँक ऑरलँड आणि सहकाऱ्यांनी उंदरांना जन्मापासून पूर्ण निर्जंतुक ठेवलं आणि भरपूर साखर खायला घातली. एकाही उंदराचा दात किडला नाही. म्हणजे जंतूंशिवाय कीड नाही. पुढे आपण पाहूच की साखरेशिवायही ती फारशी होत नाही.

इथेच एक गैरसमज दूर करू. दातात वळवळणारा किडा वगैरे नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडून दाखवणारे' अजूनही भेटतात. धुराने ठणका काही वेळ कमी वाटेल. खाली पडलेले किडे मात्र दातातून आलेले नसतात.

पुढची पायरी आम्लाची. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच. सात म्हणजे साधं पाणी. आकडा जितका खाली, तितकं आम्ल तीव्र. तोंडात एरवी हा आकडा सातच्या आसपास असतो. आपण काही गोड खाल्लं की प्लाकमधले जंतू त्यातली साखर खाऊन आम्ल सोडतात आणि काही मिनिटांत पीएच साडेपाचच्या खाली जातो. साडेपाच हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच्या खाली एनॅमलमधलं खनिज विरघळून बाहेर पडू लागतं. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात माणसांच्या दातांवर हे मोजून दाखवलं. घसरण झपाट्याने होते, चढण सावकाश; मूळ पातळीवर यायला अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत वेळ लागतो.

वर आणायचं काम लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल पातळ करते, मारते, आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट विरघळलेल्या जागी पुन्हा बसवते. म्हणजे खनिज जाणं आणि परत येणं असा व्यवहार प्रत्येक दातावर रोज चालू असतो. जाणं येण्यापेक्षा जास्त झालं, आणि तसं महिनोन्महिने होत राहिलं, की कीड सुरू होते.

आता खरा मुद्दा. साखर किती खाल्ली याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. एक साधा हिशेब करून बघू. सकाळी सहाला चहा-बिस्किट, आठला दुसरा चहा, अकराला कामावरचा चहा, दुपारी जेवण, चारला चहा आणि खारी, सहाला काहीतरी चटकमटक, रात्री जेवण, आणि वर बडीशेपेच्या गोड गोळ्या. प्रत्येक वेळी अर्धा तास जरी धरला तरी दात दिवसातले चार तास आम्लात बुडालेले. याउलट सणाला जेवणात दोन पुरणपोळ्या हाणल्या तरी दाताच्या दृष्टीने तो एकच हल्ला, आणि जेवताना लाळही भरपूर सुटत असल्यामुळे तो लवकर ओसरतो. पोटाचं गणित वेगळं, दाताचं वेगळं.

हे ज्या अभ्यासातून नक्की झालं त्याची हकिगत चांगली नाही, पण सांगायला हवी. स्वीडनमध्ये लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाचं मतिमंद रुग्णांचं मोठं रुग्णालय होतं. १९४० च्या दशकात तिथल्या रुग्णांचे गट पाडून कुणाला जेवणातून साखर, कुणाला गोड पाव, तर कुणाला दोन जेवणांच्या मध्ये दिवसभर चघळायला मुद्दाम चिकट केलेल्या टॉफ्या देण्यात आल्या. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. टॉफ्या खाणाऱ्या अनेकांचे दात पार खराब झाले. त्या रुग्णांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांना नाही म्हणताही येत नव्हतं. निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले. स्वीडनमध्ये मुलांना गोड फक्त शनिवारी द्यायचं, ही आजही चालू असलेली पद्धत त्यानंतर रुजली. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत हा अभ्यास दोन ओळींत उरकतात. मला ते खटकतं.

कोणती साखर, यातही आपण फसतो. "आम्ही साखर नाही, गूळ वापरतो," असं अभिमानाने सांगितलं जातं. जंतूला गूळ, काकवी, मध, साखर सगळं सारखंच. फळ चावून खाल्लं तर त्रास कमी, कारण साखर फळाच्या पेशींत बंद असते आणि चावल्याने लाळ सुटते. त्याच फळाचा रस काढला की ती मोकळी होते. दुधातली साखर सगळ्यांत सौम्य, पण बाटलीतल्या दुधात चमचाभर साखर घातली की संपलं. बिस्किटं, खारी, टोस्ट, बटाट्याचे वेफर्स यांचा मैदा आणि पिष्ट दातांच्या फटींत चिकटून बसतं आणि तासभर जंतूंना पुरवठा करतं. मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या गोड पातळ औषधांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. ती बरेचदा झोपण्यापूर्वी दिली जातात. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून रात्री दातावर राहिलेली साखर सर्वांत महाग पडते.

कीड दिसायला कशी सुरू होते, ते नीट समजून घेऊ. कारण वेळ इथेच हातातून निसटते. पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. हिरडीलगत खडूसारखा निस्तेज डाग पडतो. दात ओला असताना तो दिसत नाही, कापडाने कोरडा केला की दिसतो. लहान मुलाचा वरचा ओठ बोटाने उचलून समोरचे चार दात महिन्यातून एकदा असे बघावेत. या टप्प्यावर कवच वरून अखंड असतं आणि नुकसान भरून येऊ शकतं. गोडाच्या वेळा कमी केल्या, फ्लोराइडची पेस्ट लावली, तर डाग तिथेच थांबतो. सिमेंट भरायची गरज नसते.

दुर्लक्ष झालं तर आतलं खनिज जात राहतं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं होतं. वरून रंग शाबूत, आतून पोकळ, आणि एक दिवस बोट लावलं की आत जातं. खड्डा पडला की ब्रश तिथे पोचत नाही. मग कीड डेंटिनमध्ये शिरते आणि आत रुंद पसरते. गोड, गार लागलं की दात शिवशिवतो. पुढे गरमही सोसत नाही, आणि गराला सूज आली की रात्री आडवं पडल्यावर ठणका सुरू होतो.

यानंतरची चूक फारच सर्रास होते. चार-आठ दिवस ठणकून दात अचानक शांत होतो. लवंग लागू पडली, गोळ्यांनी बरं वाटलं, असा समज होतो. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते, म्हणून दुखणं थांबलेलं असतं; जंतू मुळाच्या टोकाकडे चाललेले असतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी किंवा गालावर सूज येते. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडेना, गिळता येईना असं झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. ज्या टप्प्यावर एका बैठकीत सिमेंट भरून भागलं असतं, तिथून आता रूट कॅनल, म्हणजे मुळातली नळी साफ करून बंद करणं, किंवा दात काढणं एवढेच मार्ग उरतात.

इथवर गोष्ट एका दाताची झाली. आता ती कुणाच्या तोंडात घडते ते बघू.

तान्ह्या बाळाच्या तोंडात म्यूटन्स जंतू सहसा सांभाळणाऱ्या माणसाकडून येतो: एकच चमचा, चावून भरवलेला घास. म्हणून आईच्या किडलेल्या दातांवर उपचार होणं हा बाळाच्याही फायद्याचा भाग आहे. पण यावरून बाळाची पापी घ्यायला घाबरू नये, आणि आईला बोल तर अजिबात लावू नये. जंतू आज ना उद्या येणारच. तो बळावतो ते साखरेवर. तोंडात बाटली ठेवून झोपवणं, चोखणीला मध लावणं, रडलं की हातात बिस्किट देणं यातून दीड-दोन वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे दात तपकिरी होऊन झिजलेले दिसतात. "दुधाचेच आहेत, पडणारच आहेत," म्हणून ते तसेच सोडले जातात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. तोवर मुलाला चावता यायला हवं, झोप यायला हवी, आणि खालच्या दातांची जागाही राखली जायला हवी.

याहूनही मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता, गुपचूप एक नवी दाढ उगवते. ती पहिली कायमची दाढ. दात पडला नाही म्हणजे हीसुद्धा दुधाचीच, असा पालकांचा समज होतो आणि आयुष्यभर पुरायची दाढ नवव्या-दहाव्या वर्षी काढावी लागते. हिच्या माथ्यावरच्या घळी खोल असतात. त्या वेळीच औषधी लेप लावून बुजवता येतात. दंतवैद्याकडे सीलंट म्हणून विचारावं.

दाताचं कवच पोटात असल्यापासून घडायला लागतं. गरोदरपणातली आबाळ, कमी वजनाचं बाळ, पहिल्या वर्षांतली वारंवार आजारपणं आणि कुपोषण यांमुळे ते जागोजागी पातळ, खडबडीत राहतं, आणि अशा ठिकाणी कीड लवकर लागते. म्हणजे गरीब घरातलं मूल पहिला गोड घास खाण्याआधीच मागे पडलेलं असू शकतं. ही गोष्ट आजची नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली ताम्रपाषाण काळातली वस्ती आहे, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या लहान मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर कवच नीट न घडल्याच्या खुणा जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासल्या आहेत. गावाचं नाव राहिलं नाही, राजा कोण होता ठाऊक नाही, पण मुलांची उपासमार दातांवर लिहिलेली राहिली.

याच लुकाक्स यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. शेती स्थिरावली तशी जगात ठिकठिकाणी बायकांचे दात पुरुषांपेक्षा जास्त किडलेले दिसतात. हडप्पाच्या सांगाड्यांतही तसंच. त्यांच्या मते यामागे वाढलेली बाळंतपणं, त्या काळात लाळेत होणारे बदल आणि खाण्याच्या वेगळ्या वेळा यांचा एकत्र हात असावा. पोटातलं बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, ही समजूत मात्र चुकीची आहे; दातातून कॅल्शियम असं निघत नाही. गरोदरपणात ओकाऱ्यांमुळे पोटातलं आम्ल दातांवर येतं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, मऊ झालेलं कवच घासलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं. आणि घरात दंतवैद्याकडे जाण्याचा क्रम लागतो तेव्हा बाईचा नंबर शेवटचा असतो, हे कारण कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडतात आणि मुळावर एनॅमल नसतं, त्यामुळे ती सौम्य आम्लातही विरघळतात. त्यात रक्तदाबाची, ॲलर्जीची, नैराश्याची काही औषधं लाळ कमी करतात. आजी सतत खडीसाखर किंवा गोळी चघळत असेल तर तोंड कोरडं पडत असेल, हे ओळखावं आणि डॉक्टरांना सांगावं. मिश्रीने दात स्वच्छ होतात असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्या खराब करते, मुळं उघडी पाडते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. सरकारने १९९२ मध्ये दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण तव्यावर भाजून घरी केलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

कीड आधी श्रीमंतांची होती की गरिबांची? याचं उत्तर काळावर अवलंबून आहे. मोरोक्कोतल्या ताफोराल्ट गुहेतल्या शिकारी-संकलक माणसांचे चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वीचे निम्मे दात किडलेले सापडले, कारण त्यांचा भर ओकच्या पिष्टमय फळांवर होता. बलुचिस्तानात मेहरगढला सात ते नऊ हजार वर्षांपूर्वी गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या दाढा मिळाल्या आहेत. तरी जुन्या काळात अशी माणसं अपवादच. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात साखर परवडणाऱ्यांचे दात काळे असत. पहिल्या एलिझाबेथ राणीचे दात काळे होते, असं तिला १५९८ मध्ये पाहिलेल्या एका जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. मग मळ्यांतली, गुलामांच्या श्रमातली साखर वाढत गेली. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचा कर काढून टाकला. त्याच सुमारास गिरण्यांचा पांढरा मैदा आला. गिरणी कामगाराच्या घरी पाव, जॅम आणि गोड चहा हेच जेवण झालं आणि कीड राजवाड्यातून चाळीत उतरली.

हा बदल एखाद्या बेटावर अगदी नजरेसमोर घडलेला दिसतो. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कून्या या एकाकी बेटावरचे लोक बटाटे आणि मासे खाऊन राहत. १९३० च्या दशकात तिथे गेलेल्या दंतवैद्यांना कीड जेमतेम आढळली. नंतर नौदलाचं ठाणं आलं, शेवंडांचा कारखाना आला, हातात रोख पैसा आला, दुकानात साखर आणि गोळ्या आल्या. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला म्हणून सगळ्यांना इंग्लंडला हलवलं, तेव्हा तपासलेल्या मुलांचे दात जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यासारखे राहिले नव्हते. लोक तेच, रक्त तेच. उलट दिशेचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाने दिला: नॉर्वे, जपान अशा देशांत साखरेचा तुटवडा पडला आणि मुलांची कीड घटली.

आपल्याकडे पाच रुपयांचा बिस्किटपुडा नसलेलं गाव सापडणं कठीण आहे. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामावर, रिक्षाच्या थांब्यावर भूक मारायला चहा-बिस्किट हा सर्वांत स्वस्त आणि लगेच मिळणारा उपाय असतो. तिथल्या आईने रडणाऱ्या मुलाच्या हातात पुडा दिला तर तिला दोष देणं सोपं आहे, पण केळं त्याच भावात, त्याच टपरीवर, चार दिवस न सडता मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चहाचे चमचे. चार गोड चहांतच हा हिशेब संपतो.

आता फ्लोराइड. आम्लाच्या माऱ्यात थोडंसं फ्लोराइड दातावर असेल तर परत बसणारं खनिज आधीपेक्षा चिवट बसतं; मग ते विरघळायला पीएच साडेचारच्या जवळ जावा लागतो. हा शोध उलट्या वाटेने लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१ मध्ये आलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या लोकांचे दात तपकिरी डागांचे, पण कमी किडलेले दिसले. कारण पाण्यातलं जादा फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये कळलं. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या पाण्याशी ताडून लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम हे प्रमाण काढलं आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात ते मिसळायला सुरुवात झाली.

ती योजना जशीच्या तशी आपल्याकडे आणणं मला शहाणपणाचं वाटत नाही. आपल्या अनेक भागांत फ्लोराइड मुळातच जास्त आहे. १९३७ मध्ये नेल्लोरकडच्या भागातून याची नोंद झाली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत खोल बोअरच्या पाण्यात ते इतकं असतं की दातांवर डाग पडतात आणि हाडंही आखडतात. हे डाग आणि कीड यांत गल्लत होते. फ्लोराइडचे डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे, आडवे दिसतात. कीड एखाद्या जागी, मऊ आणि खोलगट असते. असे डाग गावात बऱ्याच मुलांना असतील तर ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्यावं.

इतरांसाठी सोपा मार्ग पेस्टचा. श्रीमंत देशांत १९७० च्या दशकापासून कीड घटली त्याचं मोठं श्रेय फ्लोराइडच्या पेस्टला दिलं जातं. विकत घेताना मागच्या बाजूला फ्लोराइड आणि पीपीएमचा आकडा छापलेला आहे का ते बघा. हजारच्या आसपास हवा. अनेक 'आयुर्वेदिक' पेस्टमध्ये आणि मंजनांत तो नसतो. राखुंडी, कोळसा, जाडं मीठ यांनी कवच खरवडलं जातं. कडुनिंबाची काडी नीट चावून मऊ केली तर दात साफ होतात, पण फ्लोराइड मिळत नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. थुंकावं, आणि मग भराभर चुळा भरून ती धुऊन टाकू नये. एकदाच घासणं होत असेल तर ते रात्री व्हावं.

शेवटी दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं लागतं, म्हणजे बसभाडं आणि बुडालेली मजुरी. खासगीत खिशातून पैसे जातात. त्यामुळे गरीब माणूस दुखेपर्यंत थांबतो आणि दुखलं की दात काढून मोकळा होतो. भरण्यापेक्षा काढणं स्वस्त पडतं. याला उत्तर म्हणून स्कॉटलंडने एक साधी गोष्ट केली. बालवाड्यांमध्ये बाईंच्या देखत रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणं सुरू केलं, आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना फ्लोराइडचा लेप लावला. पहिलीच्या वयाच्या मुलांत उघड कीड नसलेली मुलं २००३ मध्ये ४५ टक्के होती, ती २०१८ मध्ये ७० टक्क्यांच्या वर गेली. गरीब-श्रीमंत दरी उरली, पण दोन्हींकडचे दात सुधारले.

आपल्याकडे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत फिरतं पथक मुलांना तपासतं; त्यांच्या यादीत दातही आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये, एवढं बघा, आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात चुरगळण्याआधी काढून घ्या. लहान मूल खुर्चीत बसायला घाबरत असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडबद्दल विचारा. थेंबभर औषध खड्ड्यात लावलं की बरेचदा कीड थांबते. इंजेक्शन नाही, यंत्राची घरघर नाही, खर्चही कमी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दात त्या जागी कायमचा काळा होतो, हे मात्र आधीच ठाऊक असू द्या, म्हणजे घरी आल्यावर कुणी "डॉक्टरने दात बिघडवला" म्हणणार नाही.